हवा भरायला बेंगळूरला

बेंगळूरला जाऊन आलेल्या माणसाला आमच्याकडं लोक बाग कशी आहे विचारतात, राजवाडा बघितलास काय विचारतात. मला विचारलं तर मी गॅरेज सांगणार. राजाजीनगरच्या मागच्या अंगाला एका गॅरेजात मी माझ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून होतो, आणि बाकीचं बेंगळूर मला बॉनेटच्या कडेवरनं दिसलं तेवढंच. त्याहून जास्त बघायची ताकद राहिली नव्हती. आता घरी येऊन पाठ टेकली आहे, तर ध्यानात आहे तोवर लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर बघू नका, मजकूर बघा.

माझी काजूची बाग चंदगडच्या वर, डोंगरात. तिथं जायची वाट लाल मातीची. पाऊस थांबला तरी दिवाळीपर्यंत ती लोण्यासारखी असते. त्यासाठी माझ्याकडं चारही चाकं जोर लावतात अशी जुनी पिकअप आहे. तसल्या वाटेवर टायरातली निम्मी हवा सोडायची. टायर मऊ झालं की पसरतं आणि माती धरतं. डांबरावर आलं की हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतं. ही रीत मला कुणी शिकवलेली नाही, चिखलानं शिकवली. भरायला माझ्याकडं पायानं दाबायचा पंप होता. चार टायर आणि एक पाय.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला तिसरं टायर भरताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिथंच खाली बसलो. गुरं राखणाऱ्या एका बाईनं बघितलं, पाणी दिलं, आणि मग गावात जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्यातल्या कुणीतरी माझ्या मुलीला फोन केला. मुलगी सुलभा, बेंगळूरला राजाजीनगरात असते. नवरा-बायको दोघं नोकरीला. ती आली, मला दवाखान्यात नेलं, आणि परत जाताना दारात उभी राहून म्हणाली, "आप्पा, गाडी विकायची."

"बागेत काय चालत जाऊ?"

"बाग खंडानं द्या."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याकडं."

तिच्याकडं म्हणजे चौथ्या मजल्यावर. सकाळी खाली बघायचं, दुपारी खाली बघायचं, संध्याकाळी खाली बघायचं.

महिनाभर आमचं फोनवर भांडण चाललं. शेवटी दोघं गावी आली आणि जावयानं मध्ये तोंड घातलं. त्यानं मोबाईलवर दाखवलं की हल्ली गाडीच्या बॉनेटखालीच हवेचा कॉम्प्रेसर बसवतात. बॅटरीवर चालतो. बटण दाबलं की हवा. तेव्हा ठरलं ते असं. मी गाडी घेऊन बेंगळूरला यायचं, कॉम्प्रेसर बसवायचा. मग सुलभाच्या डोळ्यांदेखत एकट्यानं चारही टायरांची हवा सोडायची आणि चारही भरायची. दम लागला नाही तर गाडी घेऊन घरी. लागला तर किल्ली तिच्या हातात आणि मी चौथ्या मजल्यावर. हात मी पुढं केला होता, तिनं त्यावर टाळी दिली. शब्द माझा होता, तेव्हा तो मोडायचा प्रश्न नव्हता.

दावणगेरे

हायवेचं काय सांगायचं. हायवे सगळीकडं सारखाच, आणि त्यावर माझ्या गाडीला सगळे मागं टाकतात.

दावणगेऱ्याला डोसा खायला थांबलो, कारण तिथं थांबला नाही तर लोक नंतर बोलतात. लोणी डोशाच्या पोटात, लोणी डोशाच्या पाठीवर, आणि शिवाय बशीत वेगळा गोळा. आमच्याकडं भाकरीवर एवढं लोणी घेतलं तर घरची बाई आपण हात आखडता घेईपर्यंत बघत राहते. इथं हॉटेलवाला आपणहून विचारतो, "इन्नू स्वल्प?" म्हणजे अजून थोडं. मी हो म्हणत गेलो. पुढचा सगळा रस्ता पोटात लोणी आणि डोळ्यांवर झोप. तुमकूरच्या अलीकडं गाडी झाडाखाली लावली आणि स्टीअरिंगवरच डोकं ठेवून झोपलो. जाग आली तर दोन माणसं काचेतनं आत बघत होती, जिवंत आहे काय म्हणून. मी हात हलवला तर हिरमुसून निघून गेली.

राजाजीनगर

बेंगळूरात शिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्याकडं माणूस दोन लग्नं जेवून येतो. सुलभाच्या इमारतीखाली पोचलो तेव्हा क्लच दाबून दाबून डावा पाय माझा राहिला नव्हता. तिथला वॉचमन म्हणाला, ही गाडी आत मावत नाही. मी म्हणालो, मावते. त्याला पटवण्यात अर्धा तास गेला आणि मावली नाही. बाहेर रस्त्यावर लावली.

सकाळी चालत जाऊन गॅरेज बघून आलो. मालकाचं नाव नागराज. चाळिशीचा गडी, कपाळाला विभूती, बोलताना समोरच्याकडं बघत नाही, इंजिनाकडं बघतो. त्याच्याकडं उभ्या होत्या त्या गाड्या बघून मी जरा दबलो, खोटं कशाला सांगू. कमरेएवढी टायरं, पुढं दोर ओढायची यंत्रं, टपावर दिव्यांची रांग. म्हटलं, यांच्या बागा कुठं असतील?

"बाग नाही, अज्जा," नागराज म्हणाला. "इंदिरानगरची ऑफिसवाली पोरं आहेत. रविवारी चिखलात जातात."

"काय आणायला?"

"काही नाही. अडकायला."

"आणि?"

"आणि निघायला."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो इंजिनाकडंच बघत होता, पण मिशीत हसला.

आमचं बोलणं कन्नडात चालायचं. माझं कन्नड बेळगावकडचं. आमच्या बाजूला मराठी आणि कन्नड एकाच ताटात जेवतात. पण माझं 'याक आगूदिल्ल', म्हणजे का होत नाही, ऐकलं की गॅरेजातले सगळे मान वळवून बघायचे. तिकडं लोक गोड बोलतात आणि काम नाकारतात. आमच्याकडं शिवी देतात आणि करून टाकतात. आणि मला तो पहिल्या शब्दापासून अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणाला. म्हटलं, अण्णा म्हण. म्हणाला, "सरी, अज्जा." सरी म्हणजे बरं.

कॉम्प्रेसर बघितला. दोन ओंजळींत मावेल एवढा, काळा, अंगाला लोखंडी पापुद्रे, वर बाटलीच्या झाकणाएवढी गोल चकती. एवढ्याशा वस्तूनं माझं टायर भरायचं. उचलला तर चांगला जड निघाला, तेव्हा थोडा विश्वास बसला.

नागराजनं बॉनेटखाली हात घालून जागा दाखवली. बॅटरीच्या वर, आतल्या पत्र्याला. तिथं चार भोकं पाडायची, खाली लोखंडी पट्टी, मध्ये रबराच्या चकत्या, वर कॉम्प्रेसर.

"भोकं?" मी म्हणालो.

"लहान लहान."

"माझ्या गाडीला आजवर कुणी भोक पाडलेलं नाही. कंपनीनं पाडली तेवढी बास आहेत."

मी त्याला दुसरी जागा दाखवली. इंजिनाच्या उजव्या अंगाला, धूर जिथनं बाहेर पडतो त्या लोखंडी तोटीच्या वर, चांगली ऐसपैस मोकळी. शिवाय तिथं कंपनीचेच दोन बोल्ट रिकामे. नवीन भोक नको, काही नको.

"आगल्ला," नागराज म्हणाला. होणार नाही. "ती जागा रिकामी का आहे, माहीत आहे? तापते म्हणून रिकामी आहे."

"मी ही गाडी तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतो."

ते खरं नव्हतं, पण जवळपास होतं. त्यानं खांदे उडवले आणि बसवला, मी सांगितलं तिथंच. पाइपही मीच घरून आणला होता, बागेत औषध मारायच्या पंपाचा, चांगला जाड. त्यालाही तो नको म्हणाला. त्यालाही मी हो म्हणायला लावलं.

दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. इंजिन चालू केलं, बटण दाबलं. कॉम्प्रेसर घोंघावायला लागला. मी कमरेवर हात ठेवून उभा. एक टायर भरत आलं, माझी मान ताठ होत आली, आणि तेवढ्यात घोंघावणं थांबलं. बटण पुन्हा दाबलं, काही नाही. नागराज म्हणाला, तापला, आपोआप बंद पडतो. निवेपर्यंत थांबलो, पुन्हा चालू केला. या वेळी पाइप फुगला, आणि फाडकन फुटला. शेजारच्या इमारतीतल्या बायका गच्चीवर आल्या. फुटलेल्या पाइपाचं टोक हातात घेतलं तर गुळाच्या पाकासारखं मऊ.

नागराजनं ते टोक माझ्या हातातनं घेऊन बाजूला ठेवलं. बोलला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यानं फक्त कॉफी मागवली. एक कॉफी दोन पेल्यांत अर्धी अर्धी, त्याला तिकडं 'बाय टू' म्हणतात. अख्खी कॉफी घ्यायला त्या लोकांना काय होतं हे मला कळलं नाही.

चिकपेट

पाइप नवा पाहिजे होता, वरनं स्टीलच्या तारेची वीण असलेला. कॉम्प्रेसरातनं हवा बाहेर पडते ती तापलेली असते, साधा पाइप तिला टिकत नाही. नागराज म्हणाला, चिकपेटला मिळेल, मी माणूस पाठवतो. मी म्हणालो, माझा पाइप फुटला, मी आणतो.

मेट्रोनं गेलो. दारात पोरीच्या वयाच्या शिपाई बाईनं माझी पिशवी यंत्रातनं सोडली आणि त्यातला पाना काढून धरला. हा कशाला? म्हटलं, माणसाजवळ पाना असावा. तिनं तो ठेवून घेतला. येताना मागितला तर दुसराच माणूस ड्युटीवर, त्याला काही माहीत नाही. चांगला पाना होता. अजून हळहळतो.

चिकपेटला माणसं चालत नाहीत, ढकलली जातात. साड्यांची दुकानं, त्यांच्या पोटात भांड्यांची दुकानं, भांड्यांच्या मागं बोळात लोखंडाची. एका पायरीवर टेकलो. तोंडातनं मराठीत निघालं, "देवा, काय ही गर्दी." आतनं आवाज आला, "आत येऊन बसा की, अण्णा. उन्हात कशाला?"

दुकानदार माझ्याच वयाचा. नाव मल्लोजीराव. त्यांचं घराणं कधी काळी महाराष्ट्रातनं आलेलं, कुठल्या गावातनं ते त्यांनाही माहीत नाही. त्यांची मराठी जुन्या नाण्यासारखी, झिजलेली पण खणखणीत, आणि मध्ये मध्ये कन्नड.

"स्वल्प पाणी घ्या. घरात कोण कोण असतंय?"

सांगितलं. मुलीचं, गाडीचं, अटीचं. अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकावं इतका मी थकलो होतो.

मल्लोजीराव पाइप मापता मापता म्हणाले, "आमच्या घरात आई होती तोवर मराठी होती. आता देवापुढं आणि भांडणात तेवढी राहिली. नातवंडं म्हणतात, अज्जा, तुम्ही भांडता तेव्हा काय बोलता ते कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं."

मी हसलो. बेंगळूरला गेल्यापासून पहिल्यांदा.

"मुलीचं ऐका म्हणणार नाही," पाइप गुंडाळून देताना ते म्हणाले. "माझा थोरला इंदिरानगरात असतो, चल म्हणतो. मी दुकान सोडून गेलो नाही. पण पाइप चांगला घ्या. हट्ट करायचा तर सामान चांगलं पाहिजे."

पुन्हा गॅरेज

भोकं पाडायला मी तयार झालो. मनातनं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता. सकाळी नागराज ड्रिल घेऊन उभा राहिला आणि माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर गेली. अमावास्या.

"आज नाही," मी म्हणालो.

"का?"

"अमावास्येला माझ्या गाडीला लोखंड लागणार नाही."

नागराज ड्रिल खाली ठेवून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघायला लागला. "अज्जा, अमावास्येलाच तर गाडीची पूजा करतात. आज संध्याकाळी इथं सगळ्या गाड्यांपुढं कोहळा फुटणार आहे. यापेक्षा चांगला दिवस कुठला?"

"तुमच्याकडं असेल. आमच्याकडं अमावास्येला माणूस नवी चप्पलसुद्धा घालत नाही."

सुलभाला फोन लावला, की ती तरी समजावेल. ती दोन्हीकडची. ती म्हणाली, "आप्पा, मला मीटिंग आहे," आणि ठेवून दिला. शेवटी तोड अशी निघाली की लोखंडी पट्टी गाडीची नाही, बाजारातनं आणलेली आहे, तेव्हा पट्टीला आज भोकं पाडायला हरकत नाही. गाडीला उद्या. नागराज म्हणाला, "सरी." पट्टी करवतीनं कापली, घासली, भोकं पाडली, रंग दिला. संध्याकाळी त्यानं खरोखरच कोहळा फोडला. कोहळ्याच्या पोटात कुंकू, फुटला की रस्ता लालेलाल. स्कूटरवरनं जाणारी माणसं त्या लगद्यातनं घसरत जात होती आणि कुणी रागावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेलो. म्हटलं, चल, पाड भोकं. तर नागराज स्टुलावर बसून पेपर वाचतोय.

"आता राहूकाळ लागेल, अज्जा. आज शुक्रवार. जेवायच्या वेळेपर्यंत सुरुवात करायची नाही."

काल त्यानं माझी अमावास्या पाळली होती. आम्ही दोघं उघड्या बॉनेटपुढं हातावर हात ठेवून बसलो. तो त्याचा राहू सांभाळत होता, मी काल माझी अमावास्या सांभाळली होती, आणि मध्ये गाडी तोंड वासून उभी. इंदिरानगरचं एक गिऱ्हाईक येऊन विचारून गेलं, काय झालंय, काही बिघडलंय का. नागराज म्हणाला, नाही, वेळ बघतोय.

राहू गेल्यावरही तो आधी जेवायला बसला आणि मलाही बसवलं. नाचणीचं मुद्दे, म्हणजे मुठीएवढा उकडलेला गोळा, आणि पालेभाजीचं सार. मी भाकरीचा माणूस, तुकडा मोडला आणि चावायला लागलो. तो गोळा माझ्या कवळीला असा चिकटला की वरचं आणि खालचं एक झालं. तोंड उघडेना.

"चावू नका, अज्जा. सारात बुडवा आणि गिळा."

हे आधी सांगायला काय झालं होतं? नळावर जाऊन कवळी धुऊन आलो. दुसरा घास गिळला. गिळता येतो, पण त्यात खाल्ल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडं चावायला वेळ लागतो म्हणून जेवण होतं, तिकडं पोट भरतं.

मग भोकं पाडली. ड्रिलचा आवाज चालला होता तेव्हा मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

मोकळी जागा

कॉम्प्रेसर बसला तो मात्र देखणा. पट्टीवर रबराच्या चकत्या, वर तो, बॅटरीपासून जाड वायर आणि मध्ये फ्यूज. स्टीलच्या विणीचा पाइप पुढच्या जाळीपर्यंत आणला आणि तिथनं एक वेटोळ्याचा लांब पाइप, चारही चाकांना पुरेल असा. बटण माझ्या उजव्या हाताशी. इंजिन चालू केलं तरी कॉम्प्रेसर थरथरत नव्हता. माझ्या जागेवर बसवला होता तेव्हा दात वाजल्यासारखा वाजायचा.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सुलभाला सुट्टी. ती ताट घेऊनच आली. नवीन वस्तू आहे, पूजा करू म्हणाली. नागराजनं बॉनेट उघडून दिलं. तिनं ओली हळद, ओलं कुंकू बोटानं लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. चाकांखाली लिंबं ठेवली, मी गाडी पुढं घेऊन ती चिरडली. मग गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी नेली आणि सुलभा हाताची घडी घालून उभी राहिली. लहानपणी मी तिचं पाठांतर घ्यायचो, तशी.

चारही टायरांची हवा सोडली. गाडी हळूहळू खाली बसली, थकलेल्या बैलासारखी. मग बटण.

पहिलं टायर भरलं. सुलभा हवा मोजायच्या काट्याकडं बघत नव्हती, माझ्या छातीकडं बघत होती.

"दम?"

"नाही."

दुसरं लावलं. आवाज होता, पण काटा हलेना. बराच वेळ थांबलो. हलला, तोही मुंगीच्या चालीनं. मी पाइप काढून परत लावला. वॉल्व पुसला. काटा तिथंच. ऊन वर आलं होतं. मला कळत होतं की सगळं तोंडाशी येऊन जातंय. भोकं पाडून दिली, हट्ट सोडला, आणि शेवटी चौथा मजलाच. मी सुलभाकडं बघितलं नाही.

नागराज बॉनेटखाली वाकला. मग तसाच वाकून म्हणाला, "इथं कुंकू कुणी लावलं?"

वरची ती गोल चकती त्यानं फिरवून काढली. तिच्या आतला स्पंज पिवळा-लाल, चिखल झालेला. त्यातनंच कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो. ओढणार कुठनं?

"मी लावलं," सुलभा म्हणाली. "समोर गोल दिसलं. मला ते कपाळ वाटलं."

"ते नाक आहे, अक्का."

आधी सुलभाच हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, तशीच खाली विटेवर बसली. मी म्हणालो, "बघ. किल्ली घ्यायला देवाला मध्ये घातलंस." ती म्हणाली, "आप्पा, शप्पत, मनापासून लावलं हो." मला माहीत होतं. आमच्या घरात कुणालाही दुसरं काही सुचलं नसतं. मी पूजेला बसलो असतो तर मीही तिथंच लावलं असतं.

नागराजनं स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, पिळला, पंख्यापुढं धरून वाळवला. पुन्हा बसवला. आता काटा सरसर वर गेला. दुसरं झालं, तिसरं झालं. सुलभानं प्रत्येक वेळी विचारलं, दम? मी प्रत्येक वेळी सांगितलं, नाही. आणि खरंच नव्हता. छातीत पाण्यासारखं शांत होतं.

चौथं टायर मागचं, गटाराच्या बाजूचं. उकिडवा बसलो, पाइप लावला, भरलं, काढला, टोपण फिरवलं. आणि उठता येईना.

गुडघे म्हणाले, बास. एक हात टायरावर ठेवून जोर केला. नाही. दुसरा हात जमिनीवर. नाही. मग मी टोपणाकडं बघत बसलो, जणू तिथं काही बघण्यासारखं आहे. नागराजनं पाठ फिरवली आणि वायरी गुंडाळायला लागला. गुंडाळलेल्याच होत्या त्या.

सुलभा आली. काखेत हात घातला आणि उचललं.

"मी उठतच होतो," मी म्हणालो.

"हो."

मी गाडीतली किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली. "घे. एकट्यानं म्हटलं होतं."

तिनं चारही टायरांकडं एकेक करून बघितलं. लाथ मारूनही बघितली एकाला. मग म्हणाली, "अट दमाची होती, आप्पा. दम लागला?"

"नाही."

"मग गुडघ्याचं आपण कुठं बोललो होतो?"

किल्ली तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली. मला कुणी काही सोडून दिलेलं आवडत नाही. आजवर कुणाचं घेतलेलं नाही. तिथं उभा राहून मी वाद घालायला पाहिजे होता. पण ऊन होतं, अंग आंबलं होतं, आणि किल्ली खिशात पडल्याचं वजन इतकं बरं वाटलं की मी ती तशीच राहू दिली.

वाटेवर

निघताना सुलभानं शेजारच्या सीटवर डबा ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, आणि बाथरूममधलं तिचं निळं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ठेवलं. हे कशाला, असं मी विचारलं नाही. नागराज गॅरेजच्या दारात उभा होता. त्यानं गाडीकडं बघून हात केला.

घरी येऊन दोन दिवस झोपलो. तिसऱ्या दिवशी बागेत गेलो. लाल वाट अजून ओलीच होती. खाली हवा सोडली, वर चढलो, बाग बघितली, परत उतरलो. डांबराला लागलो तिथं गाडी उभी केली, बटण दाबलं. स्टूल टायराशेजारी ठेवलं, बसलो, भरलं. उचललं, पुढच्या टायराला नेलं, बसलो, भरलं. वाटेनं एक-दोन माणसं गेली. निळं स्टूल घेऊन गाडीभोवती फिरणारा म्हातारा त्यांनी बघितला. बघू देत.

चौथं झाल्यावर तिथंच बसून राहिलो. इंजिन बंद केलं. घाई नव्हती. मग सुलभाला फोन लावला आणि सांगितलं, चारही भरली, दम लागला नाही.

"बरं," ती म्हणाली. स्टुलाचं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.